मीठ सोडलेलं घर

मला मधुमेह झाला तेव्हा मी साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होते आणि माझा नवरा साखर पाडणाऱ्या पॅनवर कामाला होता. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग हसल्याबद्दल ओशाळतात. तुम्ही खुशाल हसा. मी रडगाणं गायला बसलेली नाही. ज्यांच्या घरात हा आजार शिरलाय त्यांना दोन गोष्टी वेळेवर कळाव्यात, एवढ्यासाठी लिहिते आहे. मला त्या उशिरा कळल्या, आणि तोवर नवऱ्याचा माझ्या शब्दावरचा विश्वास उडून गेला होता. साखर वाढली त्यापेक्षा तेच दुखणं मोठं होतं.

माहेर माझं बेलापूरचं. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तोंड फटकळ. वसाहतीतली बालवाडी मी चालवायचे. सासर मिरजगावच्या बाजूचं, शेतकऱ्याचं घर. आमचे हे भावांत धाकटे, म्हणून शेती सोडून कारखान्यात लागले. पॅनमध्ये उसाचा रस आटताना त्यात दाणा कधी धरतो हे काचेतून बघून ओळखायचं, हे त्यांचं काम. माणूस कष्टाळू, पण बोलणं अगदी तोलूनमापून. आमची मुलगी सुमन शाळेत जायला लागली तरी 'जेवलीस का' असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्याकडे कुठल्याच बायकोला कुणी विचारत नाही.

तहान

आजार सुरू झाला तहानेनं, आणि तोही बहात्तरच्या दुष्काळात. वसाहतीच्या टोकाला नळ होता, त्याला सकाळी जरा वेळ पाणी यायचं. बाया पहाटेपासून कळशा मांडून बसायच्या. भांडून आणलेला हंडा मी दुपारपर्यंत एकटी संपवायचे. सुमीला सांगायचे, "पाणी जपून पी गं", आणि स्वतः मागच्या दाराशी जाऊन तांब्या तोंडाला लावायचे. लाज वाटायची, पण तांब्या काही सुटायचा नाही.

अंगावरची पोलकी सैल झाली. शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "काय गं, नवऱ्यानं उपाशी ठिवलीय का काय तुला?" मी म्हटलं, "उपाशी कुठली, दोघांचं जेवते." आणि ते खरंच होतं. खात होते आणि वाळत होते.

मग पायाला सूज आली. एके दिवशी बालवाडीत मुलांना सुकडी वाटत होते. दुष्काळात लहान मुलांसाठी सरकारकडून गूळ घातलेली सुकडी यायची. वाटता वाटता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथंच खाली बसले ती आडवीच झाले. भानावर आले तेव्हा कारखान्याच्या जीपमध्ये होते. डोकं यांच्या मांडीवर होतं आणि गाडी नगरच्या रस्त्याला लागली होती.

कायमचं

नगरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त घेतलं, लघवी घेतली. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. ते म्हणाले, "बाईंना मधुमेह आहे. गोळ्यांनी भागणार नाही. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल."

हे खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, "किती दिस?"

"दिवस नाहीत हो. कायमचं."

मला वाटलं होतं, आता आपण रडू. रडू आलं नाही. कुणीतरी गळ्यात दावं घालून खुंटाला बांधावं आणि आपण किती लांब जाऊ शकतो ते बघत राहावं, तसं वाटलं. सुमीचं लग्न होईपर्यंत तरी जगू ना, हे विचारायचं होतं. यांच्यादेखत विचारवलं नाही.

वॉर्डातला दिवस फिनेलच्या वासानं उजाडायचा. मग सिस्टर ट्रे घेऊन यायची. लघवीची बाटली, इंजेक्शन, नाश्ता, परत बाटली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दिवसभर सुनेला शिव्या घालायची आणि सून आली की तिच्याच हाताला धरून बसायची. सिस्टरनं मला टोचायला शिकवलं ते मोसंबीवर. माझा हात असा थरथरायचा की मोसंबी खाली पडायची. ती म्हणाली, "मोसंबी परकी आहे म्हणून थरथरताय. स्वतःला टोचताना नाही थरथरणार." मला ते पटलं नव्हतं, पण तसंच झालं. मांडीत पहिली सुई मी स्वतः घातली तेव्हा सिस्टरनं माझी वेणी घालून दिली. त्या दवाखान्यात मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस.

सुटी देताना डॉक्टरांनी पायावरची सूज दाबून बघितली. रक्तदाबही चढा होता. "साखर-गूळ बंद. भात जपून. आणि मीठ कमी करा. लोणचं, पापड नको, वरून मीठ घ्यायचं नाही."

हे मान हलवत होते. ती मान हलताना मी पाहिली, आणि मला बरं वाटलं की चला, यांनी नीट ऐकलंय.

अळणी

मला घरी सोडून हे तसेच गावाकडे गेले. परत आले ते कपाळाला अंगारा लावून.

आमच्या सासरकडे एक रीत आहे. घरातलं कुणी मोठ्या दुखण्यात पडलं की घरचं माणूस गावच्या भैरोबापुढे अळणी धरतं, म्हणजे दुखणं हटेपर्यंत मीठ सोडतं. धरलेलं मधेच सोडायचं नाही. सोडलं तर दुखणं उलटतं, अशी समजूत.

यांनी फडताळातली खडेमिठाची बरणी उचलली. "म्या भैरोबाला बोललोय. तुझी साखर बघायची नळी निळी हुईपातुर या घरात मीठ न्हाई. तुलाबी न्हाई आन मलाबी न्हाई."

"अहो, डॉक्टर कमी करा म्हणाले. बंद करा नाही म्हणाले."

"कमी म्हंजे किती? चिमूट का मूठ? त्यापरीस नगंच."

आता हसू येतं, पण त्यांचंही बरोबर होतं. आमच्या घरांत स्वयंपाक मिठाचा असतो नाहीतर अळणी असतो. उपासाचं असतं नाहीतर नसतं. मधलं 'कमी' कुणी कधी रांधलेलंच नाही. आणि खरं सांगू? मी फार वाद घातला नाही. ज्या माणसानं मला कधी जेवलीस का विचारलं नाही, तो माझ्यासाठी मीठ सोडून बसला होता. मला आतून भरून आलं होतं. जो आपल्यासाठी घास सोडतो त्याच्याशी भांडायचं कसं? तिथंच मी अडकले.

बरणी वत्सलाबाईंकडे गेली. सुमी लहान, तिला यातून सूट. ती आपली ताटली घेऊन त्यांच्याकडे जेवायची.

त्या वर्षी ज्वारी कुठली मिळायला? रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकरी आधीच घशाखाली उतरायची नाही, आणि वर अळणी. अळणी पिठलं खाऊन बघा एकदा. ओल्या भिंतीचा पोपडा तोंडात धरल्यासारखं लागतं. मेथी कडू, वांगं नुसतं लिबलिबीत. मी पक्की मीठ-मिरचीची बाई. शाळेत असताना चिंचेला मीठ लावून खाण्यावरून छड्या खाल्लेली. आता भूक लागायची, ताटावर बसायचे, आणि दोन घासांत जीव मेटाकुटीला यायचा.

हे मात्र मुकाट जेवायचे. तोच डबा घेऊन पॅनच्या त्या भट्टीसारख्या उकाड्यात उभे राहायचे.

नळी

नळीचं सांगायला हवं. साखर तपासायला घरीच एक औषध असायचं, निळ्या रंगाचं. काचेच्या नळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की भरपूर. हे काम रोज सकाळी हे स्वतः करायचे. पॅनमधला रंग ओळखणारा माणूस, नळी खिडकीशी धरून बघायचे.

दवाखान्यातून आल्यावर नळी हिरवी यायची, एखाद्या दिवशी निळीसुद्धा. अळणी धरलं आणि काही आठवड्यांत ती पिवळी झाली. मग नारिंगी. संक्रांतीच्या सुमाराला लाल. नगरला दाखवून डोस वाढवून आणला. काही दिवस उतरली, परत लाल. परत डोस वाढवला.

हे नळी माझ्यापुढे धरायचे. "काय खाल्लंस?"

"तुमच्यासमोर जेवले तेच."

"मंग ही अशी का?"

मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का? मी गुळाचा खडा जिभेला लावत नव्हते. चहा सोडला होता. बटाटा सोडला होता. पण माझ्या शब्दापुढे ती नळी होती, आणि नळी काही खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पॅनची काच त्यांना कधी फसवत नव्हती, मग ही काच कशी फसवेल?

आधी घरातली साखर गेली. कारखान्यातून कामगारांना मिळायची ती त्यांनी आणणंच बंद केलं. मग वसाहतीत कुजबुज सुरू झाली. हळदीकुंकवाला गेले तर वाण द्यायचे, पण तिळगुळाचा हात मागे घ्यायचे. "तुला नको बाई, परत तुझे मालक आमाला बोलतील." वत्सलाबाईंनी एकदा यांच्या कानावर घातलं की बालवाडीत सुकडीचं पातेलं रोज हिच्याच हाताखालून जातं. वाईट मनानं नाही बोलल्या त्या. काळजीनंच बोलल्या. घात मात्र पुरा झाला.

"उद्यापासनं बालवाडी बंद," हे म्हणाले.

"पोरांच्या तोंडचं खाईन मी? इतकी पडलेय?"

"म्या तसं म्हनत न्हाई. पर वास लई वंगाळ असतो गुळाचा. मानसाचा तोल जातो."

बालवाडी दुसऱ्या बाईकडे गेली. मी दोन खोल्यांत बसले. खिडकीतून मळीचा गोड आंबूस वास यायचा, धुराडं दिसायचं, आणि ज्या वाटेनं मुलं बालवाडीला जायची ती वाट दिसायची. उभी राहिले की डोकं गरगरायचं. पोटऱ्यांत गोळे यायचे. दिवसभर अंगात शिसं ओतल्यासारखं जड. त्यातच चिडचिड. कुणाशी बोलावं तर काय बोलावं? 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवतं?

एके दुपारी सुमी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तोंड उघड."

"का गं?"

"बाबांनी सांगितलंय. रोज बघायचं आणि त्यांना सांगायचं."

मी तोंड उघडलं. तिनं आत डोकावून बघितलं, वास घेतला, "नाही खाल्लंस," म्हणाली आणि खेळायला पळाली. तिला तो खेळच वाटला असावा. मी चुलीपुढे तशीच बसून राहिले. आपल्या पोटच्या पोरीपुढे आ करून बसायची वेळ आली, यापेक्षा त्या दिवशी बालवाडीत पडले तीच उठले नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. खोटं कशाला लिहू, अगदी मनापासून वाटलं.

त्या आठवड्यात नळी पुन्हा विटेसारखी आली. यांनी ती खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या येळेला लाल आली तर तुला मिरजगावला आक्काकडं ठिवतो. ती डोळ्यात तेल घालून बघंल. सुमी हितंच ऱ्हाईल, तिची शाळा हाय."

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. बाई चांगली, पण एकदा ताबा घेतला की सोडणारी नव्हे. सुमीविना, तिच्या पहाऱ्यात, अळणी खात मी किती टिकले असते? आणि नळी तिथंही लालच येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग त्याच्या पुढं कुठं ठेवणार होते मला?

परत नगर

मी म्हटलं, "आक्काकडे नको. मला नगरला दाखल करा."

"कशाला?"

"तिथं सिस्टर असतील, डॉक्टर असतील, तुम्हीही असा. माझ्याजवळ पिशवी नको, पैसा नको. तुमच्या हातचं खाते, तुमच्या डोळ्यांदेखत. तिथं नळी निळी झाली तर मी चोर. मग आक्काकडे ठेवा, विहिरीत ढकला, मी चकार शब्द काढणार नाही. आणि तिथंही लाल आली तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा मागितली. ऊस संपत आला होता, हंगाम लवकर आटोपणार होता, त्यामुळे रजा मिळाली.

वॉर्ड तोच, फिनेलचा वास तोच. म्हातारीच्या खाटेवर आता दुसरी बाई होती. हे स्वतः दवाखान्याच्या रसोईत सांगून माझं ताट अळणी काढून घ्यायचे आणि घास मोजल्यासारखे समोर बसायचे. मी मोरीत गेले तरी दाराशी सिस्टरला उभी करायचे. सिस्टर वैतागली, पण मीच तिला म्हटलं, "उभ्या राहा हो. मला साक्षीदार हवाय."

नळी लाल आली. दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशीही लाल.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा हे म्हणाले, "साहेब, कायबी खाल्लं न्हाई हिनं. म्या सोता बघतोय." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं असावं.

डॉक्टरांनी माझा रक्तदाब निजवून घेतला, मग उभं करून घेतला. उभी राहिल्यावर मला भिंत धरावी लागली. त्यांनी कपाळाला आठी घातली. "आधी चढा होता, आता हा असा पडतोय. जेवणात मीठ किती असतं?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? थोडं?"

"नाही म्हणजे नाही. दिवाळी झाल्यापासून घरात मिठाचा खडा नाही."

डॉक्टर खाटेच्या कडेला बसलेच. "मी कमी म्हणालो होतो, बाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मीठ पार तोडलं की शरीर घाबरं होतं. आहे तेवढं मीठ धरून ठेवायला त्याची आत धडपड सुरू होते, आणि त्या धडपडीत ते इन्सुलिनला नीट दाद देत नसावं. "म्हणून डोस वाढवूनही उपयोग होत नाहीये, असा माझा अंदाज आहे. छातीठोकपणे नाही सांगत. दुसरंही कारण असू शकेल. पण करून बघू. हेच जेवण, हाच डोस, फक्त जेवणात बेतानं मीठ."

माझ्या डोक्यात त्यातलं एकच शिरलं. मी चोर नव्हते. इतके महिने हे माझ्या अंगातच चाललं होतं आणि त्याला माझी जीभ जबाबदार नव्हती.

हे म्हणाले, "न्हाई जमायचं साहेब. देवाला बोललोय. नळी निळी झाल्याबिगर मीठ देता येत न्हाई."

"आणि मीठ दिल्याशिवाय निळी झाली नाही तर?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

शब्द

दुपारी वॉर्डाबाहेरच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो होतो. समोर कडुलिंबाखाली पेशंटांचे नातेवाईक भाकऱ्या सोडून बसलेले. मी यांच्याकडे वळले. भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून असेल, पण आवाज चढला नाही.

"मी चोर नाही हे कळलं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग आता मला कुठंही न्या. घरी न्या, आक्काकडे न्या. नळी लालच राहणार आणि मी त्यातच जाणार. देवाला शब्द दिलात, त्याला जागताय. जागा. पण मी रोज सकाळी तुम्हाला शब्द देत होते, 'काही नाही खाल्लं' म्हणून. त्या शब्दाची काही किंमत होती का तुमच्याकडं? पोरीला माझ्या तोंडात डोकवायला लावलंत."

हे उठले आणि निघून गेले. मला वाटलं, गेले आता स्टँडवर.

संध्याकाळी जेवणाचं ताट आलं तेव्हा हे परत आले. चेहरा ओढलेला, पायजम्याला गुडघ्यापर्यंत धूळ. कुठं भटकत होते कोण जाणे, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हातात कागदाची पुडी होती. ती सोडली, चिमटीत मीठ घेतलं आणि माझ्या भाजीवर टाकलं.

"उलटलं तर माज्यावं उलटंल," म्हणाले. "खा."

दुधीची भाजी होती. पहिला घास तोंडात गेला आणि मी ढसाढसा रडले. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून सिस्टरला हाका मारायला लागली. मिठासाठी माणूस रडतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मिठासाठीच रडले असंही नाही म्हणा.

त्यांच्या स्वतःच्या ताटात मात्र त्यांनी काही टाकलं नाही. डॉक्टर त्यांनाही रागावले, उकाड्यात काम करणाऱ्यानं असं करू नये म्हणून. हे म्हणाले, "पेशंट ती हाय. तिचं सोडवलं. माजं न्हाई सुटायचं नळीबिगर."

म्हणजे मी सुटले आणि ते अडकले. त्यानंतरची प्रत्येक नळी मी त्यांच्यासाठी बघत होते. माझ्या लघवीवर एका माणसाचं मीठ अडलं होतं, आता बोला. सिस्टरला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून हसली आणि रोज सकाळी सगळ्यात आधी माझी नळी उकळायला लागली. लालची नारिंगी झाली. नारिंगीवर अडली. मग पिवळी, आणि सुटी मिळाली तेव्हा हिरवी. गरगरणं थांबलं, पोटऱ्यांतले गोळे थांबले. डोस डॉक्टरांनी हळूहळू खाली आणला.

निळी आली ती घरी, पाडव्याच्या थोडं पुढं. हे नळी घेऊन खिडकीशी गेले, मग दारात गेले, मग अंगणात उन्हात जाऊन बघितली. आत येऊन पाटावर बसले. मी पिठलं वाढलं आणि त्यात मीठ घालून कालवून दिलं. एक घास खाल्ला. डोळ्यांत पाणी तरारलं तसे खाली मान घालून म्हणाले, "लई खारट झालंय." मी म्हटलं, "काढून घेऊ?" तर ताट बाजूला घेतलं आणि संपवलं.

सांगायचं ते

हे वाचून कुणी मीठ वाढवू नये. माझ्या हातात जर लोणच्याची फोड दिसली तर डॉक्टर अजूनही रागावतात, आणि बरोबर रागावतात. मीठ जास्त झालं की माझे पाय सुजतात, दाब चढतो. एका बाईचं जे झालं ते दुसरीचं होईलच असं नाही, हेही त्यांनीच मला बजावलंय. मी एवढंच सांगते की डॉक्टर 'कमी' म्हणाले तर किती कमी ते तिथल्या तिथं विचारा. लाजू नका. चमचा दाखवून विचारा, चिमूट दाखवून विचारा. आणि आपल्या मनानं काही पार तोडू नका, कितीही मायेनं तोडत असलात तरी.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी आहे. आजारी माणसाच्या नळीवर, काट्यावर, कागदावर जे येतं त्याची कारणं पुष्कळ असतात, साधा तापसुद्धा. त्याची जीभ हे त्यातलं एकच.

पाडव्यानंतर यांनी सकाळी नळी बघणं सोडलं. मी उकळायची, मी बघायची, आणि ते डबा भरता भरता विचारायचे, "कशी हाय?" मी हिरवी म्हटलं की हिरवी, निळी म्हटलं की निळी. मी म्हणेन ते. मला त्याची सवय व्हायला वेळ लागला. आधी आधी मीच नळी त्यांना दाखवायला न्यायचे आणि ते "ऱ्हाऊ दे की" म्हणायचे.

श्रावण सरत आला तेव्हाची गोष्ट. सगळं सुरळीत होतं, आणि एक दिवस नळी नारिंगी आली. परत उकळली. परत नारिंगीच. मी मोरीशी ती हातात धरून उभी राहिले. धुऊन टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. मनातल्या मनात मी आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते पाठ करायला लागले, साक्षीला उभं राहायचं असल्यासारखं.

हे दाराशी चपला घालत होते. मी जाऊन म्हटलं, "नारिंगी आलीय. पण मी काल काहीसुद्धा..."

"म्या इचारलं का?"

मी तरी नळी पुढं केली.

"तू काय खाल्लं न्हाईस, त्ये मला ठावं हाय." त्यांनी घातलेली चप्पल परत काढली, जवळ आले आणि माझ्या कपाळाला हात लावला. दारात, उजेडात, येणारे-जाणारे बघत असताना. "ताप हाय की गं अंगात. चल, नगरला जाऊ."

ताप होताच. मला तो कळलाही नव्हता.